दंडाचा घेर : अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थाचं प्रकरण

खांदा तपासायचा म्हणजे शर्ट काढावा लागतो. रोज दहा-बारा जण काढतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. या गृहस्थांनी दोन बटणं सोडली, थांबले आणि विचारलं, "तो वरचा दिवा बंद केला तर चालेल का? खिडकीतून येतो तेवढा उजेड पुरेल ना?"

मी दिवा बंद केला. डोळ्यांना त्रास होत असेल, असं वाटलं. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत एवढंच आहे: उजवा खांदा, पाच महिने वेदना, हात वर नेताना मध्येच कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दिव्याचा उल्लेख नाही. तो करायला हवा होता, हे तीन आठवड्यांनी कळलं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शिवाय हे एकाच माणसाचं प्रकरण नाही. दोन-तीन जणांच्या नोंदी एकत्र करून एक गृहस्थ उभे केले आहेत. माझ्या चुका मात्र माझ्याच आहेत.

वय ६८. आयुष्यभर हिशेब तपासणीचं काम, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. रक्तदाब एका गोळीत ताब्यात. मधुमेह नाही, व्यसन नाही. घरी पत्नी, मुलगा परगावी. गेली तीन वर्षं आठवड्यातले सहा दिवस जिम, रोज दोन तास.

असा पेशंट आला की आमच्या पेशात आनंदच होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सांगते की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे प्रकारही असावेत. लोकांना यातली पहिली ओळ पाळायला लावता लावता आमचा जीव जातो. आणि हे गृहस्थ आठवड्याला बारा तास घाम गाळत होते. फॅमिली डॉक्टर खूश, मुलगा खूश, शेजारी "तुमचं वय दिसत नाही हो" म्हणणारे. त्यामुळे त्यांना पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मीही नाही विचारला.

खांदा

एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस या स्नायूच्या टोकाला, म्हणजे जिथे तो हाडाला जोडला जातो तिथे, अर्धवट चीर दिसत होती. रिपोर्टच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं: वयोमानानुसार झिजेचे बदल. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे लिहायलाच हवं होतं का?"

मी त्यांना १९९५ मधला एक अभ्यास सांगितला. खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीपुढच्या ५४ टक्के जणांत अर्धी किंवा पूर्ण चीर सापडली. म्हणजे चीर असणं आणि खांदा दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं म्हणजे, मार न लागता झालेली चीर अगदी पूर्ण असली तरी ती बहुधा व्यायामाने सांभाळता येते. अमेरिकेत अशा ४५२ रुग्णांना आधी फिजिओथेरपी दिली होती. दोन वर्षांत चौथ्या हिश्शाहूनही कमी जणांना शस्त्रक्रिया लागली.

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. "म्हणजे साठीनंतर निम्म्या लोकांचे खांदे फाटलेलेच असतात," ते म्हणाले आणि गप्प झाले. धीर द्यायला सांगितलेल्या आकड्यातून त्यांनी नेमकं हेच उचललं.

पाच महिने कुणाला दाखवलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "दुखतंय म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं." एका डॉक्टरांकडे पूर्वी पाठ दाखवायला गेले होते, तेव्हा ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं: आता या वयात हे चालायचंच. त्यानंतर दुखणं हे दुखणं राहिलं नाही, वयाची कबुली झाली. आणि कबुली द्यायची त्यांची तयारी नव्हती.

बेंच प्रेस आणि डोक्यावर वजन नेणारे प्रकार सहा आठवडे बंद करायला सांगितले. रबरी पट्ट्यांचे हलके व्यायाम दिले. तिसऱ्या आठवड्यात खांदा सुधारण्याऐवजी बिघडला होता.

कॅलेंडरवरचे आकडे

त्या खेपेला पत्नी बरोबर आल्या होत्या. बाहेर बसल्या होत्या, मीच आत बोलावलं. बंद करायला सांगितलेले प्रकार रात्री पलंगाखालचे डंबेल काढून चालू असल्याचं त्यांच्याकडून कळलं. आणि मग त्या सहज म्हणाल्या, "कॅलेंडरवर रोज तीन आकडे लिहितात हे. मला वाटायचं रक्तदाबाचे. पण रक्तदाब एकतीस कसा असेल?"

आकडे दंडाच्या घेराचे होते. आंघोळीआधी, जिमहून आल्यावर आणि झोपताना. ३१.५, ३१.२, ३१.६. तीन वर्षांचे.

त्या दिवशी आम्ही खांद्याला हात लावला नाही. ते बोलत होते, मी ऐकत होते.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा रांगेत उभे असताना मागच्या माणसाने म्हटलं, "आजोबा, तुम्ही या पुढे." म्हणणारा लहान पोर नव्हता. दाढीवाला, तिशी ओलांडलेला. "काका म्हणाला असता तर काहीच नव्हतं," ते मला म्हणाले. आपल्या भाषेत अनोळखी माणसाला नाव देताना नातं जोडावं लागतं, आणि नातं जोडताना वय ठरवावं लागतं. दादाचे काका कधी होतात ते फारसं लक्षात येत नाही. काकाचे आजोबा होतात तो दिवस मात्र कायमचा लक्षात राहतो, कारण ते आपल्याला दुसऱ्याकडून कळतं. (आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीनेही त्यांना पहिल्या दिवशी आजोबाच म्हटलं होतं. मी काका म्हणत होते. त्यांना काय म्हणायचं, हे दोघींनीही विचारलं नव्हतं.)

त्या रात्री त्यांनी बनियनमध्ये आरशासमोर उभं राहून हात पाहिले. दंडाची कातडी सैल, कोपराच्या वर बारीक सुरकुत्या. दुसऱ्या दिवशी जिममध्ये नाव घातलं.

जिमची वेळ पहाटे पाच, कारण तेव्हा तिथे कुणी नसतं. कपडे पूर्ण बाह्यांचे, उन्हाळ्यातही. ट्रेनरला वय ६१ सांगितलेलं. पाचला पोहोचायचं म्हणून चारला उठणं, म्हणजे झोप पाच तास. आणि पोहणं बंद. तीस वर्षं पोहणारा हा माणूस. पाण्यात शिरलं की डोकं शांत होतं, असं स्वतःच म्हणत होता, आणि तीन वर्षांत तलावाकडे फिरकला नव्हता. अंग झाकून पोहता येत नाही.

इथे मला पहिल्यांदा धक्का बसला. जो व्यायाम आवडत होता तो शरीराच्या लाजेने सुटला, आणि जो आवडत नव्हता तो त्याच लाजेने धरला. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार एवढंच की माणूस व्यायाम करतो.

जिममधल्या कुणीतरी त्यांना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनचंही सुचवलं होतं. ते घेतलं नव्हतं, चौकशी केली होती. त्यावर मी थोडक्यात सांगितलं: पासष्टीपुढच्या, मुळात हार्मोन कमी असलेल्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लैंगिक बाबतीत काही फायदा दिसला, उत्साहात ठळक फरक नाही, आणि चालण्याची क्षमता कमी झालेल्यांच्या गटात मुख्य अपेक्षित फायदाही नाही. रक्त घट्ट होण्याचा धोका वेगळाच. विषय तिथे संपला.

दिसत होतं ते खोटं नव्हतं

आमच्याबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना त्यांनी भेटावं, असं मी सुचवलं. "मी वेडा नाही," हे अपेक्षित उत्तर आलं. "खांद्याला विश्रांती देता येत नाही, एवढ्यासाठीच जा," असं म्हटल्यावर गेले.

बाईंनी दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक 'सोशल फिजिक अँग्झायटी स्केल', १९८९ मधली, बारा विधानांची. आपल्या देहाकडे दुसरे बघतायत, या विचाराने किती अस्वस्थ व्हायला होतं ते ती मोजते. कमीत कमी १२, जास्तीत जास्त ६०. यांचे ४३. दुसरी १९९३ मधली, म्हातारपणाबद्दलच्या चिंतेची, वीस विधानांची. ती चिंतेचे चार भाग करते: म्हाताऱ्या माणसांची भीती, मनाविषयीची काळजी, दिसण्याविषयीची काळजी आणि काही गमावण्याची भीती. मला वाटलं होतं, दिसण्याचा भाग सर्वांत वर असेल. तो मधोमध होता. वर होत्या पहिला आणि शेवटचा.

आता प्रश्न होता निदानाचा. तरुण शरीरसौष्ठवपटूंमध्ये एक विकार १९९३ मध्ये वर्णिला गेला: अंग पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजणं. १९९७ मध्ये त्याला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव मिळालं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो देहरूपाच्या भ्रामक चिंतेचा एक प्रकार म्हणून येतो. सतत मोजणं, आरसा, झाकून घेणं, दुखापत असूनही वजन उचलणं, ही सगळी लक्षणं इथे होती.

पण एक गोष्ट बसत नव्हती, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटते. त्या विकारात दोष मुळात नसतो, किंवा इतरांच्या नजरेला जेमतेम दिसतो. यांना दिसत होतं ते खरं होतं. दंड बारीक झाला होता. कातडी सैल झाली होती. तिशीनंतर दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो. १९८९ मध्ये त्याला 'सार्कोपेनिया' असं नाव मिळालं, झीज त्याआधीही होतीच. विशीतल्या मुलाला "तुझं दिसणं आणि तुझं असणं यांत फरक आहे" असं सांगून उपचार सुरू करता येतात. अडुसष्टाव्या वर्षी ते सांगितलं तर थाप होते, आणि हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला थाप ओळखता येते. "छे, तुम्ही कुठे म्हातारे!" हे वाक्य तर औषध नव्हेच. त्याच्यावरच ते तीन वर्षं जगत होते.

डोळे बरोबर होते, मग चुकत काय होतं? बाईंनी एकदा विचारलं, "दंड एक सेंटिमीटर कमी झाला तर पुढे काय होईल?" उत्तर यायला वेळ लागला. "मग आणखी एक होईल." मग? "मग एक दिवस मला कुणीतरी उठवून बसवेल." दंडाचा घेर त्यांच्यासाठी परावलंबनाचा थर्मामीटर झाला होता. ताप कुठे आहे ते माहीत नाही, पण पारा खाली ठेवायचा.

आणि तो थर्मामीटर चुकीच्या जागी लावलेला होता.

पाय, आणि माझी चूक

मी त्यांची पूर्ण तपासणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. उजव्या मुठीची पकड ३८ किलो. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पुरुषांत २७ किलोच्या खाली गेली तर काळजी. म्हणजे हात उत्तम. मग खुर्ची. हात छातीशी घडी करून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांत १२ ते १८ सर्वसाधारण मानतात. यांचे नऊ. एका पायावर उभं राहणं: सात सेकंद, मग टेबलाचा आधार.

बारा तास व्यायाम करणारा माणूस खुर्चीतून नऊदा उठतो! कारण उघड होतं. पायांचा व्यायाम ते करतच नव्हते. "पँट असते ना," असं त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. वयानुसार स्नायू कमी होतात ते वरच्या अंगापेक्षा पायांत अधिक. उठणं, जिना चढणं, ठेच लागली तर सावरणं ही सगळी कामं पायांची. कुणीतरी उठवून बसवण्याची भीती ज्याला आहे, त्याने तीन वर्षं तेवढे पायच सोडून दिले होते.

मला हा शोध इतका आवडला की मी तो त्यांच्यासमोर विजयी मुद्रेने मांडला. नऊ. किमान बारा हवेत. दंड सोडा, पाय धरा. मोजायचंच असेल तर हे मोजा.

दिसण्याकडून करण्याकडे लक्ष वळवावं, असं आम्ही सगळेच शिकलेलो असतो: शरीर कसं दिसतं यापेक्षा त्याला काय येतं ते पाहा. सल्ला चांगलाच आहे. पण मी त्यांच्या हातातली टेप काढून घेऊन स्टॉपवॉच दिलं. दहा दिवसांनी ते आले तेव्हा उजवा गुडघा सुजला होता. रोज दोनशे उठबशा. रात्री अडीचला जाग आली की अंधारात खुर्ची ओढून तीस सेकंद मोजायचे. कॅलेंडरवर आता चौथा आकडा होता.

पत्नी मला फोनवर म्हणाल्या, "तुम्ही यांना आणखी एक काम लावून दिलंत." रागाने नाही म्हणाल्या. त्यामुळे जास्त लागलं.

मग काय केलं

गुडघ्याची सूज उतरेपर्यंत दोन आठवडे गेले. त्या काळात बाईंनी आणि मी मिळून एकच आराखडा केला. आधी दोन खोल्यांत दोन वेगळे सल्ले चालले होते.

टेप घेऊन यायला सांगितलं. मी पाच मिनिटांत त्यांचा तोच दंड दहा वेळा मोजला. सर्वांत कमी ३१.१, सर्वांत जास्त ३१.९. टेप किंचित घट्ट, किंचित तिरकी, स्नायू जरा आखडलेला. एवढ्याने पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो. तीन वर्षं ते ज्या फरकांवर दिवस चांगला की वाईट ते ठरवत होते, ते सगळे या फरकाच्या पोटात बसत होते. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "माझ्या तपासणीत हे खातं नापास झालं असतं," म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळे हसले. इतकी समजूत घातली त्यापेक्षा या दहा आकड्यांनी जास्त काम केलं. माणसाशी त्याच्या पेशाच्या भाषेत बोलावं, हे मला उशिरा सुचलं.

तरी सवय लगेच सुटली नाही. तीनदाचं एकदा, मग आठवड्याला एकदा. टेप पत्नीकडे ठेवावी, असं मी सुचवलं. त्यांनी साफ नकार दिला: "मी पहारा करणार नाही." बरोबरच होतं. टेप माझ्या टेबलाच्या खणात आली.

स्नायूचा आकार आणि ताकद यांतला फरक समजावायला मी १९९० मधला एक प्रयोग सांगितला. सरासरी नव्वद वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मांडीच्या स्नायूचा आकार किती वाढला? ९ टक्के. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जातंतूंची असते: आहेत तेच तंतू जास्त संख्येने आणि एकदम कामाला लागतात. टेपला ती दिसतच नाही.

विश्रांतीचा दिवस हा सर्वांत अवघड भाग ठरला. आठवड्यात तीन दिवस वजनं, दोन दिवस चालणं आणि तोल, दोन दिवस काहीही नाही, असं ठरलं होतं. 'काहीही नाही'च्या सकाळी त्यांना हात बारीक वाटायचा. या भीतीला अगदीच आधार नाही असं नाही. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तेव्हा पायांतलं सुमारे एक किलो मांसल वजन गेलं, असं २००७ च्या एका प्रयोगात दिसलं. पण ते दहा दिवस सलग अंथरुणात होते, एक दिवस जिम चुकवून नाही. शिवाय व्यायामानंतर स्नायू काही तास फुगलेला असतो. दुसऱ्या दिवशी कमी होते ती फूग. बाईंनी त्या दोन दिवसांची अस्वस्थता दर तासाला शून्य ते दहा अशी लिहायला सांगितली. सकाळचा आकडा आठ, दुपारचा पाच, संध्याकाळचा दोन, तेही काही न करता. चार आठवड्यांनी सकाळचा आकडा चारवर आला.

मग लपण्याकडे वळलो. बाईंनी दोन रकान्यांची वही करायला सांगितली: अंदाज आणि प्रत्यक्ष. ही वही त्यांच्या हातात शोभली. पहिली नोंद: सकाळी सात वाजता, अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये जिम. अंदाज: निदान पाच जण बघतील, एक तरी काहीतरी बोलेल. प्रत्यक्ष: एकाने बघितलं. बोलला. "हे मशीन मोकळं आहे का?"

दुसरी नोंद: ट्रेनरला खरं वय सांगणं. अंदाज: तो वजनं कमी करेल. प्रत्यक्ष: त्याने वजनं निम्म्यावर आणली आणि "आता जपून हं" म्हणाला. वही आपटत ते माझ्याकडे आले. "बघा. मी उगाच लपवत नव्हतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अंदाज खरा ठरला होता. वयावरून माणसाला कमी लेखण्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हे नाव दिलं. तो पेशंटच्या डोक्यातला भास नाही, जिममध्ये उभा असतो. सगळं मनाचे खेळ म्हणून सोडून देणारे उपचार अशा वेळी उघडे पडतात. मी ट्रेनरला चिठ्ठी दिली: खांद्याची बंधनं ही आहेत, बाकीच्या स्नायूंना जास्तीत जास्त एकदा उचलता येतं त्याच्या साठ ते ऐंशी टक्के वजन देता येईल, हळूहळू वाढवत, वयाचा संबंध नाही. ट्रेनरने मानलं. तो मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता.

स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचा अमेरिकी संशोधक बेका लेव्ही यांचा २००२ मधला निष्कर्ष प्रसिद्ध आहे. तो ६६० लोकांच्या दीर्घ नोंदींवरून काढलेला आहे. मी तो या गृहस्थांना सांगितला नाही. घाबरलेल्याला "घाबरलात तर लवकर जाल" म्हणण्यासारखं झालं असतं.

एक गोष्ट जमली नाही. आमच्याकडे पासष्टीपुढच्यांचा तोल सांभाळण्याचा गट चालतो, त्यात ते यावेत असं मला फार वाटत होतं. दुसऱ्या प्रश्नावलीतला सर्वांत वरचा भाग आठवून पाहा: म्हाताऱ्या माणसांची भीती. "त्या म्हाताऱ्यांत मला कशाला?" इथून सुरुवात झाली. आठपैकी तीन वर्गांना आले. एक बाई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, एका पायावर वीस सेकंद उभ्या राहत. यातून त्यांना स्फूर्ती मिळावी अशी माझी भाबडी अपेक्षा. त्यांना त्या बाईंचा थरथरणारा घोटा तेवढा दिसला. चौथ्या वर्गाला फोन आला: येत नाही. तोलाचे व्यायाम घरी ओट्याला धरून करतात. पुरे आहे.

सात महिन्यांनी

खांदा बराचसा सुटला. हात पूर्ण वर जातो, रात्री त्या कुशीवर झोप लागते. चीर आहे तिथेच आहे. पुन्हा एमआरआय काढला नाही, गरजही नव्हती. झोप साडेसहा तास. जिम आठवड्यात तीनदा, सकाळी सात वाजता. पहिली प्रश्नावली ४३ वरून ३४ वर आली. म्हाताऱ्यांच्या भीतीचा भाग जवळपास हलला नाही.

पोहायला दोनदा गेले. खांद्यामुळे फक्त छातीवरचं पोहणं, हात डोक्यावरून फिरवायचा नाही. पहिल्यांदा टॉवेल खांद्यावरून काढायला काठावर वीस मिनिटं लागली, असं त्यांनी वहीत लिहिलंय. प्रत्यक्षच्या रकान्यात फक्त: 'पाणी गार होतं.'

केस अजून रंगवतात. त्याबद्दल मी काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. रिसेप्शनवरची मुलगी आता त्यांना नावाने 'साहेब' लावून हाक मारते. ते त्यांनीच सांगितलं होतं.

शेवटच्या भेटीत खुर्चीची चाचणी पुन्हा घ्यायची होती. या वेळी आधीच ठरवलं: आकडा फक्त माझ्या वहीत राहील. त्यांना चालणार होतं. मी स्टॉपवॉच लावलं, ते उठले-बसले, मी आकडा लिहून वही मिटली. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, मूठ धरून थांबले.

"तेरा ना?"

मी काही बोलले नाही.

"मी मोजत होतो," ते म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.